स्वाराचं वजन कोण विचारणार?

ओझं वाहणाऱ्या जनावरांसाठी केंद्र सरकारने १९६५ साली नियम केले. तट्टाच्या पाठीवर जास्तीत जास्त ७० किलो, गाढवाच्या ५०, खेचराच्या २००. या नियमांत पाठीवर बसणाऱ्या माणसासाठी वेगळा आकडा नाही. मात्र १९६०च्या मूळ कायद्याने जनावराच्या ताकदीबाहेर स्वारी करणं हे मारणं, लाथा घालणं यांच्याच ओळीत क्रूरता म्हणून धरलेलं आहे. म्हणजे पोतं लादलं तर किलो मोजायचे आणि माणूस बसला तर काहीच मोजायचं नाही, ही सोय कायद्याने कोणाला दिलेली नाही. ती आपणच घेतली आहे.

वऱ्हाडातल्या मोर्शी-वरूडच्या पट्ट्यात संत्रा, कापूस, तूर सगळं काट्यावर चढतं. किलोभराच्या फरकावरून शेतकरी भांडतो, आणि त्याने भांडायलाच हवं. तीच माणसं पावसाळ्यात चांदूर बाजार, परतवाडा करत चिखलदऱ्याला जातात. लेकरं घोड्यासाठी हट्ट धरतात. लेकरू बसून उतरलं की बापालाही बसावंसं वाटतं आणि नव्वद किलोचा बाप त्याच तट्टावर चढतो. माथेरान, महाबळेश्वरला याहून वेगळं घडत नाही. शहरातले घोडेस्वारीचे वर्ग, उन्हाळी शिबिरं यांत वय विचारतात, फी सांगतात, बूट आणि हेल्मेट आणायला लावतात. वजनाचा रकाना अर्जात क्वचितच असतो.

किती वजन चालतं, हे काढायला शिंप्याची टेप पुरते. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर घ्यायचा, खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत लांबी घ्यायची, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेराला घेराने गुणायचं, मग लांबीने गुणायचं आणि ११,८८० ने भागायचं. घोड्याचं वजन किलोत अंदाजे मिळतं. घेर १५० आणि लांबी १४० असलेलं तट्टू २६५ किलोच्या आसपास भरतं. स्वार आणि सामान मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या वर जाऊ नये, असा जाणकारांचा सर्वसाधारण दंडक आहे. २६५चा पाचवा हिस्सा ५३. खोगीर आठ किलोचं धरलं तर स्वारासाठी उरतात ४५ किलो. एवढं वजन सातवी-आठवीतल्या पोराचं असतं! त्या मानाने १९६५चा ७० किलोचा आकडाही उदारच म्हणायला हवा, आणि तो निदान घट्ट बांधलेल्या, न हलणाऱ्या ओझ्याचा आहे. नवखा स्वार दुडक्या चालीत पाठीवर धपधप आपटतो, तेव्हा पाठीला लागणारा भार काट्यावरच्या वजनाहून बराच जास्त असतो.

हा दंडक नुसता ऐकीव नाही. अमेरिकेतल्या ओहायो राज्य विद्यापीठात घोड्यांवर त्यांच्या वजनाच्या १५, २०, २५ आणि ३० टक्के भार ठेवून तपासणी झाली, ती २००८ साली प्रसिद्ध झाली. २५ आणि ३० टक्क्यांना घोड्यांची छाती जास्त धडधडू लागली, पाठीचे स्नायू दुखू लागले. घोडे थोडेच होते, पण उत्तराची दिशा स्पष्ट होती. सँटोरिनी बेटावर पर्यटकांना वाहून नेणाऱ्या गाढवांचे हाल गाजल्यावर ग्रीस सरकारने २०१८ साली मर्यादा घातली: १०० किलो किंवा जनावराच्या वजनाचा पाचवा हिस्सा.

घोडा बोलत नाही, पण त्याची पाठ बोलते. खोगीर फासळ्यांचा आधार असलेल्या भागावरच बसायला हवं. शेवटच्या फासळीमागे कमरेला तो आधार नाही, आणि जड स्वाराचा भार नेमका तिथे सरकतो. खोगिराच्या दाबाने कातडी दुखावली की जखम भरल्यावर तिथे पांढरे केस उगवतात. तांबड्या घोड्याच्या खांद्यांमधल्या उंचवट्यावर रुपयाएवढे पांढरे ठिपके दिसले, तंग आवळताना त्याने कान मागे टाकून चावायला तोंड वळवलं, तर त्या दिवशी आपल्या लेकराला त्याच्यावर बसवू नये.

दोष एकट्या घोडेवाल्याच्या माथी मारणं मला पटत नाही. त्याचं पोट दिवसाच्या फेऱ्यांवर आहे. ‘वजन विचारलं तं मानूस राग धरते’ हे त्याचं म्हणणं खरं आहे. म्हणून विचारण्याचं काम त्याच्यावर टाकूच नये. परवाना देणाऱ्या नगर परिषदेने घोड्यांच्या थांब्यावर वजनकाटा ठेवावा, प्रत्येक घोड्याच्या नावापुढे किलोचा आकडा रंगवावा. मर्यादा घोड्याची असते, त्यात माणसाचा अपमान नाही. पाचशे किलोच्या घोड्यावर ऐंशी किलोचा माणूस खुशाल शिकू शकतो. वर्ग चालवणाऱ्याने फी घेण्याआधी आपल्या पागेत तसा घोडा आहे की नाही, हे सांगावं. पुण्या-मुंबईच्या रेसकोर्सवर जॉकीला शर्यतीआधी आणि शर्यतीनंतर काट्यावर उभं करतात, अर्ध्या किलोचाही हिशोब ठेवतात. पैजेच्या पैशासाठी जे जमतं, ते जनावराच्या पाठीसाठी जमायला हवं. आणि कायद्यातला दंडही बदलायला हवा. पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये हा १९६०चा दर आजही तसाच आहे.

त्याच १९६५च्या नियमांत आणखी एक कलम आहे, ते वऱ्हाडाने वाचायलाच हवं. जिथे तापमान ३७ अंशांच्या वर जातं, तिथे दुपारी बारा ते तीन या वेळात जनावराकडून ओझं वाहून घ्यायचं नाही. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत दुपारचा पारा सहसा चाळीसच्या खाली येत नाही आणि लग्नसराई ऐन त्याच दिवसांत असते. नवरदेव मारुतीच्या देवळापासून मंडपापर्यंत घोड्यावरून येतो, पुढ्यात एखादं लेकरू बसवलेलं असतं, पुढे डीजे थांबत थांबत चालतो आणि घोडा तापलेल्या डांबरावर उभा राहतो. घोडा ठरवतानाच नवरदेवाचं वजन सांगावं, पुढ्यात लेकरू बसवू नये, आणि मुहूर्त दुपारचा असेल तर वरात बाराच्या आत मंडपात आणावी.