एक संध्याकाळ दुःखासाठी



दशलक्षण पर्व जवळ आलं, की आमच्या महिला मंडळात सांस्कृतिक कार्यक्रमांची यादी सुरू होते. एक दिवस भजनस्पर्धा, एक दिवस प्रश्नमंजूषा, एक दिवस आरतीचं ताट सजवणे आणि एक दिवस नाटिका. नाटिका बहुतेक ठरलेलीच असते, चंदनबाला, मैनासुंदरी, अंजना. संहिता जुन्या वहीतून येते, साड्या कपाटातून येतात.

गेल्या वर्षी मात्र वेगळं घडलं. मंडळातल्या एका काकींनी स्वतः लिहिलेली वीस मिनिटांची नाटिका बसवली. त्यांचा कर्ता मुलगा अचानक गेला, त्याला तेव्हा तीन वर्षं झाली होती. नाटिकेत दोनच पात्रं, सासू आणि सून. मुलगा सूर्यास्ताच्या आत जेवायला घरी यायचा, म्हणून सासू अजून रोज साडेपाचला त्याच्यासाठी दोन चपात्या जास्त लाटते. सून त्या गुपचूप बाजूला काढून ठेवते आणि सकाळी स्वतः खाते. दोघींनाही दुसरीचं माहीत आहे. दोघी बोलत नाहीत. इतकीच गोष्ट.

सभागृहात अर्ध्या बायका रडल्या. दुसऱ्या दिवशी तक्रार आली की पर्वाच्या दिवसांत असं रडवणं बरं नव्हे. इष्टवियोगाचं दुःख म्हणजे आर्तध्यान, त्यानं अशुभ कर्म बांधलं जातं. व्यासपीठावरून वैराग्य शिकवायचं सोडून हे काय? यंदाच्या बैठकीत तोच विषय पुन्हा निघाला आहे, म्हणून माझं मत लिहिते.

आक्षेप पोकळ नाही. तत्त्वार्थसूत्रात आर्तध्यानाचे चार प्रकार सांगितलेत आणि इष्टवियोग त्यांत आहेच. पण दुःख धरून बसणं वेगळं आणि दुःखाकडे समोर ठेवून बघणं वेगळं. आपल्याच पुराणात याचा दाखला आहे.

आचार्य रविषेणांच्या पद्मपुराणात लक्ष्मण गेल्यावर रामचंद्र ते मानायलाच तयार होत नाहीत. सहा महिने भावाचं शव खांद्यावर घेऊन फिरतात, त्याला न्हाऊ घालतात, घास भरवू बघतात. बिभीषण, सुग्रीव येतात, संसार अनित्य आहे असं समजावतात. एक शब्द आत जात नाही. मग पूर्वजन्मीच्या स्नेहाचे दोन देव येतात. ते उपदेश करत नाहीत. एक वाळलेल्या झाडाला पाणी घालतो. घाण्यात वाळू घालून तेल काढायला बसतात. रामचंद्र म्हणतात, हा काय वेडेपणा? शेवटी तेही एक शव खांद्यावर घेऊन समोरून चालत येतात, आणि तेव्हा रामचंद्रांना स्वतःचा खांदा दिसतो.

हे नाटक नव्हे तर काय? जिथे प्रवचन पोहोचलं नाही तिथे ते पोहोचलं. भगवान आदिनाथांना वैराग्य झालं तेही नीलांजनेचं नृत्य बघताना. प्रत्येक पंचकल्याणकात आपण आपल्या मुलींना नीलांजना करून नाचवतो. एका कलावतीचा नाचता नाचता झालेला मृत्यू पर्वात चालतो, मग दोन जास्तीच्या चपात्या का चालू नयेत?

दुसरी गोष्ट, हे बायकांनीच लिहायला हवं. आपण करतो त्या सतींच्या कथा बहुतेक आचार्यांनी आणि पंडितांनी लिहिल्या. त्यांचा उपकार आहेच. पण घरातलं माणूस गेल्यावर त्याचा डबा, त्याचा टॉवेल, त्याच्या आवडीचं लोणचं यांचं काय करायचं हा प्रश्न आपल्या हातात येतो.

मराठीत स्त्रियांनी नाटक लिहिणं नवीन नाही. हिराबाई पेडणेकरांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला 'जयद्रथ विडंबन' आणि 'दामिनी' लिहिली, तीही समाज नाकं मुरडत असताना. सई परांजप्यांच्या 'जास्वंदी'त सधन घरातल्या एकट्या पडलेल्या गृहिणीचं दुःख आहे. ज्योती म्हापसेकरांचं 'मुलगी झाली हो' 1983 साली आलं आणि पुढे गावोगाव झालं. त्यासाठी मोठं थिएटर लागलं नाही. सुषमा देशपांड्यांनी 'तिच्या आईची गोष्ट'मध्ये एका तमासगीर बाईचं आयुष्य मांडलं. घरात कुजबुजत बोलायच्या गोष्टी या बायकांनी चारचौघांत उभ्या केल्या. आमच्या काकींनी तेच केलं, बस्तीच्या सभागृहात.

काही पथ्यं पाळावीत हे मलाही पटतं. आधी विषय सांगावा, म्हणजे जिची जखम ताजी आहे तिला त्या दिवशी घरी राहता येईल. प्रतिक्रमणाच्या तोंडावर कार्यक्रम ठेवू नये. रडवण्यासाठी म्हणून करुण संगीत लावू नये. आणि जिचं दुःख आहे तिच्या परवानगीशिवाय ते कुणी लिहू नये. पण दहा दिवसांतली एक संध्याकाळ यासाठी असावी आणि संहिता मंडळातल्याच कुणीतरी लिहिलेली असावी, असं मी बैठकीत मांडणार आहे.

आता एक कबुली. काकींचा मुलगा गेला तेव्हा भेटायला गेलेल्यांत मीही होते. त्या हंबरडा फोडून रडत होत्या आणि मी त्यांचा हात धरून म्हणाले होते, "काकी, रडू नका, कर्मबंध होतो." त्या गप्प झाल्या. मला वाटलं, समजावणं लागू पडलं. तीन वर्षांनी नाटिकेत सासू हेच वाक्य सुनेला म्हणते. सून पदरानं डोळे पुसते आणि उठून कणीक मळायला लागते. मी तिसऱ्या रांगेत बसले होते. माझं वाक्य माझ्यासमोरून चालत गेलं.

यंदाच्या क्षमावाणीला मी त्यांच्या घरी जाणार आहे. 'उत्तम क्षमा' आपण दरवर्षी शंभर जणींना म्हणतो. कशाबद्दल म्हणतोय हे मला या वेळी नेमकं माहीत आहे. आणि पुढची नाटिका त्या लिहिणार असतील, तर वही मी घेऊन जाईन.

तुमच्या मंडळात असं कुणी लिहितं का? जरूर कळवा.

जय जिनेंद्र.