हिमस्खलन अचानक होत नाही

२८ फेब्रुवारी २०२५ च्या सकाळी उत्तराखंडातील माणा गावाजवळ सीमा रस्ते संघटनेच्या छावणीवर हिमस्खलन झाले. ५४ कामगार त्यात सापडले. ४६ वाचले, ८ जण दगावले. अशा वेळी ‘निसर्गाचा कोप’ हे दोन शब्द नेहमीच तयार असतात. ते उच्चारले की कोणालाही प्रश्न विचारायची गरज उरत नाही.

वस्तुस्थिती मात्र प्रश्न विचारते. आदल्याच सायंकाळी चंडीगढच्या संरक्षण भू-माहिती संशोधन संस्थेने चमोलीसह पाच जिल्ह्यांत २४०० मीटरवरील भागासाठी २४ तासांचा हिमस्खलनाचा इशारा दिला होता. माणा सुमारे ३२०० मीटरवर आहे. इशारा होता, तरीही सकाळी माणसे त्याच छावणीत होती.

हिमस्खलनाची तयारी अनेकदा आठवडेच्या आठवडे चालते. हिवाळ्याच्या आरंभी पडलेल्या पातळ बर्फाखाली जमीन तुलनेने उबदार असते, वर हवा गोठलेली. या तफावतीमुळे बाष्प वर सरकते आणि तळाशी साखरेच्या दाण्यांसारखे सुटे स्फटिक तयार होतात. ते एकमेकांना धरत नाहीत. त्यांच्यावर पुढच्या हिमवृष्टीची, वाऱ्याने घट्ट केलेली लादी बसते. उतार ३० ते ४५ अंशांचा असेल, तर नवा भार पडताच दुर्बळ थर मोडतो आणि लादी सुटते. कधी ताज्या, जोरदार हिमवृष्टीचे ओझेही पुरेसे ठरते. उतार, साचलेला बर्फ, वारा, तापमान या सगळ्या गोष्टी मोजता येतात.

‘नेमका क्षण सांगता येत नाही’ हा आक्षेप खरा आहे, पण गैरलागू आहे. रुळांवर कोण सापडेल हे फाटकवाल्यालाही ठाऊक नसते. तरी गाडी येण्याआधी फाटक पडते. हिमालयात इशारा निघतो, फाटक मात्र पडत नाही.

बचावपथकांचे शौर्य निर्विवाद आहे. पण ते दक्षतेची जागा घेऊ शकत नाही. बर्फाखाली पूर्ण गाडल्या गेलेल्या माणसाची जगण्याची शक्यता पहिल्या अर्ध्या तासातच झपाट्याने घटते. फेब्रुवारी २०१६ मध्ये सियाचीनवर लान्स नायक हणमंतप्पा सहा दिवसांनी जिवंत सापडले. देशाने त्याला चमत्कार म्हटले. काही दिवसांत तेही गेले. त्यांचे नऊ सहकारी आधीच गेले होते. चमत्कारावर धोरण उभे राहत नाही.

म्हणून इशारा हा सल्ला न राहता आदेश झाला पाहिजे. तो निघताच धोक्यातील छावणी रिकामी करण्याची जबाबदारी एका निश्चित अधिकाऱ्यावर हवी, आणि स्खलनाच्या ज्ञात वाटेवर हिवाळी छावणीला परवानगीच नको. विज्ञानाने आपले काम आदल्या सायंकाळी केले होते. उरलेले काम माणसांचे होते. त्याचा दोष निसर्गाच्या माथी मारणे आता थांबले पाहिजे.