पाटी कोणाच्या मालकीची?

गेल्या महिन्यात जवळच्या वस्तीतील एक भगिनी काही कागद घेऊन माझ्याकडे आल्या. चार घरची धुणीभांडी करून त्या संसार चालवितात. मुलगा पहिलीत आहे. कुठल्याशा लहान कंपनीचा विक्रेता घरी आला, त्याने मुलाला चार गणिते घातली, ‘मुलगा हुशार आहे, पण आताच लक्ष दिले नाही तर मागे पडेल’ असे बजावले आणि गणित-विज्ञान शिकविणाऱ्या ॲपची वर्षाची वर्गणी त्यांच्या गळ्यात मारली. पैसे नव्हते, तर कर्जाची सोयही त्यानेच करून दिली. ॲप इंग्रजीत बोलते, मुलाला त्यातले काही उमजत नाही. हप्ता मात्र दरमहा बिनचूक कापला जातो. “सर, हे बंद करून दुसरे कोणते चांगले घेऊ?” असा त्यांचा प्रश्न होता.

हा प्रश्न आज घरोघरी विचारला जातो. माझे म्हणणे असे की, तो एकट्या आईने बाजारात उभे राहून सोडवावा असा प्रश्नच नव्हे. गावच्या विहिरीचे पाणी पिण्याजोगे आहे की नाही, हे प्रत्येक बाईने घागर भरताना स्वतः तपासावे असे आपण म्हणत नाही. मग सहा वर्षांच्या मुलाच्या बुद्धीला काय पाजावे, याचा निवाडा मात्र विक्रेता आणि आई यांच्यावर का सोडावा?

यामागचे अर्थशास्त्र अगदी साधे आहे. ॲप घडविण्यास जो खर्च येतो तो मुख्यतः पहिल्या प्रतीचा. एकदा ते तयार झाले की, लाखाव्या मुलापर्यंत ते पोचविण्याचा वाढीव खर्च जवळजवळ शून्य असतो. आणि एका मुलाने वापरल्यामुळे दुसऱ्याच्या वाट्याचे काही कमी होत नाही. अशा वस्तूचा पहिला खर्च समाजाने एकदाच उचलावा आणि ती सर्वांस मोकळी ठेवावी, हाच शहाणपणाचा मार्ग होय. तिला कुंपण घालून वर्षानुवर्षे वर्गणी उकळणे हा श्रमाचा मोबदला नव्हे, तो खंड आहे. आणि जेथे वर्गणी नाही पण जाहिराती आहेत, तेथे मूल हे ग्राहकही राहत नाही. त्याचे लक्ष हाच विक्रीचा माल होतो.

या बाजाराचा इतिहासही बोलका आहे. २०२० साली सहा वर्षांच्या मुलांना ‘कोडिंग’ शिकविण्याचा बाजार इतका भडकला की, जाहिरात मानक परिषदेला ‘व्हाइटहॅट ज्युनियर’च्या काही जाहिराती मागे घ्यायला लावाव्या लागल्या. त्याच वर्षी ती कंपनी विकत घेणाऱ्या ‘बायजूज’चे मूल्य २०२२ मध्ये २२ अब्ज डॉलर मानले गेले, जुलै २०२४ मध्ये तिच्याविरुद्ध दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली. भांडवलदारांनी आपापसात काय गमावले याचे दुःख आपल्याला करण्याचे कारण नाही. पालकांच्या मनात जी भीती पेरली गेली, तिचा हिशेब कोणत्या ताळेबंदात मांडणार?

कोणी म्हणेल, मग मोबाइलच फेकून द्या. आपल्यातील काही ज्येष्ठ कार्यकर्ते असे म्हणतात, पण मला ते पटत नाही. ‘असर’च्या २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भागातील १४ ते १६ वयाच्या सुमारे ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आहे, उलट तिसरीच्या मुलांपैकी वजाबाकी येणारी मुले सुमारे एक-तृतीयांशच आहेत. यंत्र घरात आले, गणित आले नाही. यंत्राला शिव्या दिल्याने ते येणारही नाही. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात नोबेल विजेते कार्ल वीमन यांनी २००२ साली सुरू केलेले ‘फेट’ हे विज्ञान-गणिताचे प्रयोग विनामूल्य आहेत आणि त्यांपैकी अनेक मराठीतही आहेत. पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठीचे ‘स्क्रॅचज्युनियर’ २०१४ पासून मोफत आणि जाहिरातीविना मिळते. भांडवलशाहीच्या माहेरघरी विद्यापीठे हे करू शकतात, तर आपली का नाही?

येथे भाषेचा प्रश्न निर्णायक आहे. इंग्रजी मूल ‘ट्वेंटी-नाइन’ म्हणते तेव्हा वीस आणि नऊ त्याच्या कानावर पडतात. आपले मूल ‘एकोणतीस’ म्हणते तेव्हा त्याला तिसातून एक वजा करावा लागतो. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकाने ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ असे वाचन सुचविले, तेव्हा विधानसभेपर्यंत गदारोळ झाला. त्या सूचनेबद्दल मतभेद असू शकतात. पण अडचण खरी होती. इंग्रजी ॲपवर मराठी आवाज चढविल्याने ती सुटत नाही. ती मराठी शिक्षकांनी बसून सोडवावी लागेल.

सरकारने काहीच केले नाही असे नव्हे. २०१७ साली ‘दीक्षा’ सुरू झाले. परंतु ह्यूमन राइट्स वॉचने २०२२ मध्ये जगभरच्या दीडशेहून अधिक शैक्षणिक साधनांची तपासणी केली, तेव्हा मुलांच्या ठावठिकाण्याची माहिती गोळा करणाऱ्यांत ‘दीक्षा’ही निघाले. मुलांचा माग काढण्यास मनाई करणारा कायदा २०२३ मध्ये झाला. नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला आणि अंमलाला पुढे दीड वर्षाची मुदत दिली गेली. सरकारी मालकी म्हणजे लोकमालकी नव्हे, हे समाजवाद्यांनी विसरू नये.

आणखी एक गोष्ट. पडद्यावरचा तराजू बोटाने झुकतो. पण जड म्हणजे काय, हे हाताला वजन कळल्यावाचून मुलाला समजत नाही. १९७२ साली होशंगाबादच्या १६ शाळांत सुरू झालेल्या विज्ञान-शिक्षण कार्यक्रमाने खेड्यातल्या मुलांच्या हाती प्रयोग दिले; २००२ मध्ये मध्य प्रदेश सरकारने तो बंद केला. अरविंद गुप्ता यांनी काडेपेट्या आणि सायकलच्या व्हॉल्वट्यूबमधून विज्ञान उभे केले. ॲप या कामाचे सोबती व्हावे, त्याची जागा घेणारे नव्हे.

तेव्हा आपल्या शाखांनी पुढील काम हाती घ्यावे. वस्तीतील शिक्षिका आणि पालक यांची बैठक बोलवावी व प्रत्येक ॲपला चार प्रश्न विचारावेत: ते मुलाच्या भाषेत बोलते काय? जाहिरात, वर्गणी आणि माहितीची चोरी यांपासून मुक्त आहे काय? मूल चुकले असता ते का चुकले हे सांगते, की नुसत्या चांदण्या वाटते? आणि फोन खाली ठेवल्यावर मुलाला हाताने करण्याजोगे काही देते काय? जे उतरेल त्याची यादी शाळेच्या भिंतीवर लावावी. त्याबरोबरच मागणी करावी की, बालभारतीने शिक्षकांच्या हातून मराठी साधने घडवावीत, ती सर्वांस मोकळी ठेवावीत, आणि कर्ज काढून लहान मुलांचे शिक्षण विकण्यास कायद्याने बंदी यावी.

त्या भगिनींबरोबर जाऊन मी लेखी तक्रार दिली आहे. मुलगा सध्या माझ्याकडे चिंचोक्यांनी बेरजा करतो आणि ‘एकोणतीस’पाशी अजून अडखळतो. हप्ता मात्र अद्याप थांबलेला नाही.