बुलेटवरचं घड्याळ

सदर : घरचा हुनर

गेल्या महिन्यात आपण शिलाई मशीनच्या पट्ट्याबद्दल बोललो होतो. या वेळचा विषय माझ्याच घरातून आला आहे.

माझा भाचा चोवीस वर्षांचा. त्याच्या अब्बांची, म्हणजे आमच्या मरहूम दुल्हेभाईंची, 1974 सालची बुलेट त्याने दीड वर्ष खपून चालती केली. दुल्हेभाई प्राथमिक शाळेत शिक्षक होते. मिरजेहून रोज याच गाडीवर खेड्यातल्या शाळेत जायचे. हाताला एचएमटीचं 'जनता' घड्याळ, रोज सकाळी चहाच्या आधी चावी द्यायची, हा त्यांचा नेम. ते गेल्यावर आपाने या दोन वस्तूंना कुणाला हात लावू दिला नव्हता. गाडी दिली ती मुलाच्या हट्टापायी.

गाडी सुरू झाली आणि भाच्याच्या डोक्यात नवीन कल्पना आली. जुन्या ब्रिटिश मोटरसायकलींचे फोटो त्याने पाहिले होते. त्यांच्यावर गोल, निकेलच्या कड्याचं घड्याळ असे. तसंच आपल्या गाडीवर हवं, आणि तेही अब्बांचंच घड्याळ हवं! हेडलाइटच्या वर, अॅमीटरशेजारी गोल भोक पाडायचं आणि त्यात 'जनता' बसवायचं. लेथवाल्याशी शुक्रवारचं ठरलंही होतं.

गुरुवारी रात्री आपाचा फोन आला. "तो ऐकत नाही रे. गाडीला भोक पाडणार म्हणतो, घड्याळही त्यातच घालणार. तू एकदा बघून जा."

मी गेलो. मुलाचा हेतू वाईट नव्हता. डोळ्यांसमोर बापाची आठवण हवी, एवढंच त्याला हवं होतं. म्हणून आधी त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि मग गाडीजवळ बसलो.

मोटरसायकलवर घड्याळ ही काही नवी हौस नाही. पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात इंग्लंडमध्ये हँडलला किंवा टाकीवरच्या पट्टीत घड्याळ लावायची रीत होती. एकदा चावी दिली की आठ दिवस चालणारी घड्याळं त्यासाठी मिळत. ज्या स्मिथ्स कंपनीचे स्पीडोमीटर कित्येक ब्रिटिश गाड्यांवर दिसतात, ती कंपनी घड्याळंही बनवी. आपल्याकडची बुलेट 1955 पासून मद्रासमध्ये तयार होऊ लागली, पण तिच्यावर कंपनीकडून घड्याळ येत नसे. म्हणजे आपण जे बसवू ती वरून केलेली हौस आहे, गाडीचा मूळ भाग नाही. ही गोष्ट लक्षात ठेवली की पुढचा निर्णय सोपा होतो : हौस अशी करावी की उद्या नको वाटली तर काढून ठेवता आली पाहिजे.

भोक पाडणं त्यात बसत नाही. जुन्या बुलेटमध्ये हेडलाइट, स्पीडोमीटर आणि अॅमीटर ज्या डोक्यात बसतात, ते नुसतं पत्र्याचं झाकण नाही. ते अॅल्युमिनियमचं ओतीव काम आहे आणि पुढचे दोन्ही फोर्क वर त्यालाच धरलेले असतात. त्यात मोठं भोक पाडलं तर जोराचा भार घेणारा भाग कमजोर होतो. शिवाय आत वायरिंगची गर्दी असते. आणि पाडलेलं भोक बुजवता येत नाही.

भाचा म्हणाला, "मामू, भोक नको तर नको. हँडलवर पट्टी लावतो. पण घड्याळ अब्बांचंच."

यावर मी काही बोललो नाही. त्याला आणि आपाला घेऊन बाजारपेठेतल्या घड्याळजी चाचांकडे गेलो. त्यांनी 'जनता' उघडलं, डोळ्याला भिंग लावलं आणि भाच्यालाही आत बघायला लावलं. आत एक नाजूक चाक पुढे-मागे झुलतं, सेकंदाला पाच ठोके. त्याच्या आसाची टोकं केसासारखी बारीक. चाचा म्हणाले, "बेटा, हे मनगटासाठी केलंय. मनगट मऊ असतं. तुझी गाडी काय करते ते तुला माहीत आहे."

बुलेटचं इंजिन 346 सीसीचं, सिलिंडर एकच. पिस्टन प्रत्येक फेरीला 90 मिलिमीटर वर आणि 90 मिलिमीटर खाली जातो. तो धडधडाट हँडलमध्ये येतो आणि आपल्या तळहातांना मुंग्या आणतो. केसासारखे आस त्यात किती दिवस टिकणार? त्यातून 'जनता' पाण्यापासून बंद केलेलं घड्याळ नाही. एका पावसाळ्यात आत ओल जाईल आणि तबकडीवर डाग पडतील.

भाचा गप्प झाला. मग हळूच म्हणाला, "पण गाडी चालवताना ते माझ्या समोर असावं असं वाटत होतं."

तेव्हा आपा बोलली. "तुझे अब्बा गाडी चालवताना कधी घड्याळ बघत नव्हते. रेल्वे फाटक बंद असलं की गाडी बंद करायचे, मग बाही सारून बघायचे. मी मागे बसलेली असायची, मला माहीत आहे."

चाचांनी घड्याळ पुसलं, तेल घातलं आणि भाच्याच्या मनगटावर बांधलं. आपाने ते काढ म्हटलं नाही. निर्णय तिथेच झाला.

हँडलवर मग काय बसवलं? त्या काळच्या थाटाचं, पितळी डबीतलं, पांढऱ्या तबकडीचं क्वार्ट्झ घड्याळ. क्वार्ट्झमध्ये झुलणारं चाक नसतं, त्यामुळे धक्के ते जास्त सोसतं. त्याचा छोटा सेल त्याच्यातच असतो, गाडीच्या बॅटरीशी संबंध नाही. जुन्या मोटारीतलं विजेवर चालणारं घड्याळ लावायचा मोह झाला तर आधी तीन गोष्टी बघा : ते 6 व्होल्टचं आहे की 12 चं, गाडीची अर्थ बॅटरीच्या कोणत्या टोकाला आहे, आणि मधे फ्यूज आहे का. असं घड्याळ गाडी उभी असतानाही वीज खातं. महिनाभर गाडी हलली नाही तर बॅटरी उतरू शकते.

बसवताना आम्ही हा क्रम ठेवला.

पहिलं, हँडलचा व्यास मोजला. जुन्या बुलेटच्या हँडलचा पाइप साधारण 22 मिलिमीटरचा असतो. क्लॅम्प त्याच मापाचा घ्यावा; मोठा घेऊन चिंध्या भरू नयेत.

दुसरं, क्लॅम्पखाली सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळली. घड्याळ आणि डबी यांच्यामध्येही रबराची कडी घातली. धक्के तिथेच जिरतात आणि क्रोमवर ओरखडा येत नाही.

तिसरं, जागा. स्पीडोमीटर आणि अॅमीटर झाकता कामा नये. स्पीडोमीटरच्या आत फिरणारं चुंबक असतं, म्हणून घड्याळ त्याला अगदी खेटून लावलं नाही.

चौथं, नट आपोआप ढिला न होणारा, आत नायलॉनची कडी असलेला वापरला. बोल्ट घट्ट केला, पण हातातली ताकद दाखवण्याइतका नाही.

पाचवं आणि सर्वांत महत्त्वाचं : गाडी स्टँडवर लावून हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे फिरवलं. क्लच, पुढचा ब्रेक आणि अॅक्सिलरेटर, तिन्ही केबल कुठे अडकत किंवा ताणल्या जात नाहीत ना, टाकीला काही लागत नाही ना, हे पाहिलं. पहिल्याच खेपेला क्लचची केबल क्लॅम्पला घासत होती. क्लॅम्प दोन बोटं सरकवला. हे रस्त्यावर वळणात कळलं असतं तर काय झालं असतं, ते सांगायला नको.

एक इशारा मात्र सगळ्यांसाठी. जुन्या बाजारात अंधारात चमकणाऱ्या आकड्यांची घड्याळं मिळतात. 1960 च्या दशकापर्यंत अशा कित्येक तबकड्यांवर रेडियमचा रंग असे. आता ती चमकत नसली तरी धोका गेलेला नसतो. चमकणारा पदार्थ थकतो, रेडियम निम्मं व्हायला मात्र 1600 वर्षं लागतात. असं घड्याळ घरी उघडू नका, आकडे खरवडू नका, मुलांच्या हाती देऊ नका.

आता दोन महिने झाले. पहिल्या पावसात काचेच्या आत वाफ धरली. मागचं झाकण उघडून वाळवलं, रबराची कडी नीट बसवली, पुन्हा त्रास नाही. दोनशे किलोमीटरनंतर बोल्ट एकदा तपासला, अर्धा आटा ढिला होता. हे तपासणं महिन्यातून एकदा करावंच.

परवा भाचा आपाला मागे बसवून माझ्याकडे आला. आपा उतरताच म्हणाली, "आज फाटक बंद होतं. याने गाडी बंद केली आणि बाही सारली." भाचा हसला. हँडलवरचं घड्याळ बरोबर वेळ दाखवत होतं, पण त्याने बघितलं होतं मनगटाकडे.

तुमच्याही घरी बुजुर्गांची एखादी वस्तू पडून असेल. तिला छिद्र पाडण्याआधी, कापण्याआधी, रंगवण्याआधी घरातल्या त्या माणसाला विचारा, ज्याने ती वापरात असताना पाहिली आहे. तुमचे अनुभव कळवा. पुढच्या महिन्यात तांब्याच्या भांड्यांची कल्हई.