सहा जणांसाठी गिटलॅब कशाला?

मंडळी, या शनिवारचा विषय जरा कोरडा आहे, पण पोटापाण्याचा आहे. आपण दिवसभर जो कोड लिहितो, तो राहतो कुठे? बहुतेकांचं उत्तर एकच, गिटहबवर. आणि बहुतेकांसाठी ते ठीकही आहे. २०१९ पासून तिथे खाजगी रेपॉझिटरी फुकट मिळतात, २०२० पासून तर माणसांची मर्यादाही गेली. तेव्हा 'मग घरचं कशाला?' हा प्रश्न रास्तच म्हणायचा.

माझ्या एका मित्राची कोथरूडमध्ये सहा जणांची कंपनी आहे. हाउसिंग सोसायट्यांच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर करतात. कोड एका परदेशी सेवेवर, पैसे दरमहा क्रेडिट कार्डातून आपोआप. १ ऑक्टोबर २०२१ ला अशा दरमहा कापल्या जाणाऱ्या पैशांसाठी रिझर्व्ह बँकेचे नवे नियम लागू झाले आणि अनेकांची परदेशी बिलं जायची थांबली. याचंही थांबलं. सूचनेच्या ईमेल गेल्या सोडून गेलेल्या माणसाच्या पत्त्यावर, आणि एक दिवस खातं गोठलं.

आता गंमत बघा. कोड कुठेच गेला नव्हता! गिटमध्ये प्रत्येकाच्या लॅपटॉपवर सगळा इतिहास असतो, त्यामुळे काम चालू राहिलं. अडकले ते इश्यू. कुठल्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी व्याजाच्या हिशेबाबद्दल काय तक्रार केली, तेव्हा आपण काय ठरवलं, का ठरवलं... हे सगळं त्या सेवेच्या डेटाबेसमध्ये. आठ दिवसांनी परत मिळालं, पण त्या आठ दिवसांत कोणाचाही फोन आला की याच्या पोटात गोळा.

आणि हे छोट्यांचंच होतं असंही नाही. ३१ जानेवारी २०१७ ला खुद्द गिटलॅबच्या एका इंजिनियरने चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस उडवला. साधारण सहा तासांचा डेटा कायमचा गेला आणि बॅकअपचे बहुतेक उपाय ऐन वेळी कुचकामी निघाले. (त्यांनी ते सगळं उघडपणे सांगितलं, दुरुस्ती चक्क युट्यूबवर लाइव्ह दाखवली. त्याबद्दल मानलं.) तिथेही कोड शाबूत राहिला, गेले ते इश्यू आणि मर्ज रिक्वेस्ट. शिवाय दुकानंही बंद होतातच. गुगल कोडने मार्च २०१५ मध्ये गाशा गुंडाळत असल्याचं जाहीर केलं आणि जानेवारी २०१६ मध्ये ते बंद झालं. गिटोरियसही २०१५ मध्येच गेलं.

तर मित्राने ठरवलं की आता सगळं आपल्याकडे आणायचं. इथपर्यंत मी त्याच्या बाजूने. पण स्वारी निघाली सोळा जीबीचा सर्व्हर घेऊन गिटलॅब बसवायला! का, तर जुन्या कंपनीत तेच होतं.

गिटलॅब वाईट नाही, उत्तम आहे. पण त्याच्या पोटात रूबी ऑन रेल्स, पोस्टग्रेस, रेडिस, साइडकिक, गिटाली अशी वरातच आहे. मेमरी आठेक जीबी धरूनच चालायचं. आणि अपग्रेड राहून गेले तर थेट शेवटच्या आवृत्तीवर उडी मारता येत नाही, मधल्या ठरावीक स्टेशनांवर थांबत जावं लागतं. दोनशे माणसांच्या कंपनीत हे बघायला पगारी माणूस असतो. इथे बघणार कोण? तोच, रविवारी, जेवण झाल्यावर.

एकटं काम करणाऱ्याला मात्र मी सांगेन की काहीच बसवू नका. कुठल्याही लिनक्स मशीनवर एक बेअर रेपॉझिटरी, एसएसएचने पुश-पुल, संपलं. पण सहा जण, त्यात टर्मिनल बघून दचकणारी एक टेस्टर, म्हटल्यावर वेब पान हवंच.

मग उरतं गॉग्सचं घराणं. २०१४ मध्ये गो भाषेत लिहिलेलं गॉग्स आलं. सगळ्या चाव्या एकाच माणसाकडे, बदल लवकर आत जाईनात, म्हणून २०१६ मध्ये काही जणांनी गिटी वेगळं काढलं (लोगोत चहाचा कप आहे, पुणेकरांनी लगेच आपलं म्हणावं असा). २०२२ मध्ये गिटीचं नाव आणि डोमेन एका नफा कमावणाऱ्या कंपनीकडे गेल्याचं कळलं, त्यावरून वाजलं, आणि त्याच वर्षी फोर्जेयो निघालं. त्याच्या मागे जर्मनीतली कोडबर्ग ही ना-नफा संस्था आहे. भाऊबंदकी म्हणाल तर आहेच.

गिटी काय, फोर्जेयो काय, एकच बायनरी आणि सोबत एसक्यूलाइटची एक फाइल. एक जीबी मेमरीत सहा माणसं आरामात नांदतात. माझं मत फोर्जेयोला. गिटी आजही मुक्तच आहे, पण ज्या कारणासाठी मित्र परदेशी सेवा सोडतोय, ते कारण कोडबर्गच्या रचनेशी जास्त जुळतं. शिवाय २०२४ पासून दोघांच्या वाटा पूर्ण वेगळ्या झाल्या आहेत. 'आज गिटी टाकू, पटलं नाही तर उद्या फोर्जेयो' हे आता नव्या आवृत्त्यांत सरळ जमत नाही. आधीच ठरवा.

माझ्या लेखी हलकं म्हणजे नुसती कमी मेमरी नाही. बसवणारा माणूस गावाला गेला असताना दुसऱ्याला ते तासाभरात उभं करता आलं पाहिजे. मित्राच्या ऑफिसात त्या दुसऱ्याचं नाव अजून ठरलेलं नाही, आणि माझं त्याच्याशी खरं भांडण तेवढ्यावरूनच आहे.

अजून एक. हे उघड्या इंटरनेटवर ठेवू नका. २०२५ मध्ये एआयसाठी डेटा ओरपणाऱ्या बॉट्सनी अशा छोट्या गिट सर्व्हरांना भंडावून सोडलं. प्रत्येक कमिटचं, प्रत्येक फाइलचं पान उघडत बसतात लेकाचे! वायरगार्ड लावा आणि आतूनच वापरा. ऑफिसातला मिनी पीसी चालेल, यूपीएस लावून (महावितरणचा भरवसा तुम्हाला माहीतच आहे). पण ब्रॉडबँडला स्वतःचा पब्लिक आयपी मिळतो का ते आधी विचारा, अनेक ठिकाणी मिळत नाही. नसेल तर स्वस्तातला व्हीपीएस घ्या.

आणि बॅकअप. फोर्जेयोत 'डंप' नावाची कमांड आहे, ती रेपॉझिटरी, डेटाबेस, सेटिंग सगळं एका झिपमध्ये बांधून देते. उलट दिशेची कमांड मात्र नाही. झिप सोडून प्रत्येक गोष्ट हाताने जागच्या जागी ठेवावी लागते. म्हणून पहिल्याच आठवड्यात एखाद्या जुन्या लॅपटॉपवर ते करून बघा, पायऱ्या कागदावर लिहा, आणि तो कागद त्याच सर्व्हरच्या विकीवर ठेवू नका.