चाकांची प्रतिष्ठा

विमानात हातातून कोणती बॅग न्यावी, हा काही वाद घालण्याजोगा विषय नव्हे, असे पुष्कळांना वाटेल. गेल्या मार्गशीर्षापर्यंत मलाही तसेच वाटत होते. आमच्या शेजारच्या काकू लेकीच्या बाळंतपणासाठी बंगळूरला निघाल्या, तेव्हा त्यांना पोचवायला मी एस.टी.ने पुण्यापर्यंत गेलो होतो. जावयांनी त्यांच्यासाठी चाकांची, टणक कवचाची, चकचकीत बॅग धाडली होती. वर निरोप, की विमानात कापडी पिशवी बरी दिसत नाही. विमानतळावर तिचे वजन भरले नऊ किलो. मर्यादा सातची. मोठी बॅग आधीच पंधरा किलोंची झालेली. तेव्हा चारचौघांत फरशीवर बसून काकूंनी जो डबा बाहेर काढला, तो बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवांचा होता.

रिकाम्या बॅगेचे वजन तीन किलो, असे तिच्या मुठीला लटकणाऱ्या चिठ्ठीवर छापलेलेच होते. आम्ही कोणी ते वाचले नव्हते. म्हणजे सातांतले तीन किलो बॅगेने स्वतःच गिळले! अर्ध्या किलोच्या पिशवीत हाच ऐवज लाडवांसकट साडेसहा किलोंत बसला असता.

या बॅगेचे कूळही पाहण्याजोगे आहे. दोन चाकांची, वर दांडा ओढून घ्यायची ही बॅग १९८७ साली रॉबर्ट प्लाथ या अमेरिकन वैमानिकाने तयार केली, आणि आरंभी ती घेतली विमानावरच्याच नोकरदारांनी. ज्यांचा दिवस गुळगुळीत फरशीवर जातो, त्यांना ती शोभते. आपला प्रवास का फरशीवर सुरू होतो? गावची खडी, एस.टी.च्या पायऱ्या, स्वारगेटची गर्दी, रिक्षा. एवढ्या वाटेत ती चाके एकदाही फिरली नाहीत. बॅग काकूंनी (खरे म्हणजे मी) उचलूनच नेली.

कोणी म्हणेल, टणक बॅगेत वस्तू सुरक्षित राहतात. अहो, हातातली बॅग आपल्याच डोळ्यांपुढे असते. तिला आपटणार कोण? शिवाय लांबी-रुंदी-उंचीची मर्यादा साधारणपणे ५५, ३५ आणि २५ सेंटिमीटर, तीही चाके व मूठ धरून. टणक बॅग बोटभरही दबत नाही. मऊ बॅग दबते, आणि वरचे कप्पे भरलेले असले तर पुढच्या आसनाखाली सरकते. पाठकमरेच्या दुखणेकऱ्यांशी माझे भांडण नाही. त्यांनी चाके खुशाल घ्यावीत. माझे भांडण आहे ते 'बरे दिसण्या'शी.

म्हणून दुकानात गेल्यावर रंग पाहू नये. रिकामी बॅग आधी काट्यावर ठेवायला लावावी; एका किलोच्या वर गेली, तर परत करावी. दुकानदार चमत्कारिक नजरेने पाहील. पाहू द्यावे. काकूंचा तो डबा माझ्या मांडीवर बसून गावी परत आला आणि पुढे पार्सलने बंगळूरला गेला. पोचेपर्यंत लाडवांचा भुगा झाला होता. लेकीने तो चमच्याने खाल्ला.