'भ्रूणहत्या' म्हणू नका!

'मास' आणि 'वेट' यांत गल्लत केली तर व्हायवात एक्स्टर्नल आपल्याला सोलून काढतो. मग गर्भपात आणि गर्भलिंगनिवड यांतली गल्लत कशी खपते? 'स्त्रीभ्रूणहत्या थांबवा' ही घोषणा पोस्टरपासून गॅदरिंगच्या पथनाट्यापर्यंत सगळीकडे असते. हेतू चांगलाच, पण शब्द चुकलाय, असं माझं ठाम मत आहे.

गर्भपात १९७१च्या कायद्यानं ठरावीक अटींत कायदेशीर आहे. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती त्याला पुरते, नवऱ्याची सही कायदा मागतच नाही! (हे हॉस्टेलमध्ये किती जणांना माहीत आहे?) २०२१च्या दुरुस्तीनं काही स्त्रियांसाठी मुदत २४ आठवड्यांपर्यंत वाढली. गुन्हा आहे तो गर्भाचं लिंग तपासून सांगणं, निवडणं. त्यासाठी देशाचा कायदा १९९४चा, महाराष्ट्राचा तर १९८८चा. म्हणजे गुन्ह्याची सुरुवात सोनोग्राफीच्या खोलीत होते आणि 'हत्या' म्हणून आपण बोट दाखवतो ते टेबलावरच्या बाईकडे.

मार्च २०१७ मध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला बेकायदा गर्भपातात एका विवाहितेचा जीव गेला. पोलिसांनी खोदकाम केलं तेव्हा १९ भ्रूणांचे अवशेष सापडले. १९ हा आकडा सगळ्यांच्या लक्षात राहिला. जीव गेलेली ती बाई किती जणांच्या लक्षात आहे? अशा बातम्यांना घाबरून डॉक्टरांनी कायदेशीर गर्भपातालाही नाही म्हटलं, तर बाई जाणार कुठे? पुन्हा अशाच कुणाच्या तरी दारात.

कुणी म्हणेल, बाईच तयार असते की! वैद्यकीय नीतिशास्त्रात 'स्वायत्तता' हा मोठा शब्द आहे. पण आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यात २०११ मध्ये 'नकुसा' नावाच्या २८०हून अधिक मुलींचं नव्यानं बारसं करावं लागलं. अशा घरातल्या सुनेचा होकार तिचा किती आणि सासरचा किती? २००१च्या जनगणनेत सांगलीत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे ८५१ मुली होत्या. हे काही एकेकट्या बायकांनी ठरवून झालेलं नाही.

आता आपल्या लायनीतलं. कोल्हापुरात लक्ष्मीकांत देशमुख जिल्हाधिकारी असताना सोनोग्राफी मशिनला 'सायलेंट ऑब्झर्व्हर' जोडले गेले. स्क्रीनवर जे दिसतं त्याची नोंद हे यंत्र ठेवतं. रेडिओलॉजिस्ट मंडळी पेशंटच्या खासगीपणाचा मुद्दा घेऊन कोर्टात गेली, पण २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं यंत्राच्या बाजूनं निकाल दिला. निकाल मला पटतो, कारण नजर तपासणाऱ्यावर ठेवलीय. पण बाहेर येऊन कुणी नुसतं 'पेढा' किंवा 'बर्फी' म्हटलं, तर ते कुठला सेन्सर पकडणार?

यंदाच्या पथनाट्याचं स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांना एक विनंती : 'गर्भलिंगनिवड' लिहा. शब्द लांबलचक आहे, घोषणेच्या ठेक्यात बसत नाही, मान्य. बसवा की राव!